नियमात बसणारी दाढी

विमानात बसलेल्या माणसाला कायद्यानं काय काय चालू ठेवता येतं याची यादी फार छोटी आहे, आणि त्या यादीत दाढीचं मशीन आहे. ही माहिती मी कुणालाही फुकट देतो. मला ती अर्ध्या मिशीला पडली. सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण आमच्या इमारतीत या गोष्टीच्या बऱ्याच आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या एकीत मी उडत्या विमानाचं दार उघडायला निघालो होतो. मी जागेवरून उठलोसुद्धा नव्हतो.

आमच्या मुलीनं आपलं आपण लग्न ठरवलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, दोघांचं पटतंय. अडचण एकच, लग्न कुठे करायचं? माझ्या आईचं कंबरेचं हाड मोडल्यापासून पलंगावरून खिडकीतल्या खुर्चीपर्यंत आणि खुर्चीवरून पलंगापर्यंत एवढाच तिचा प्रवास. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, गावाबाहेर न्यायचं नाही. नातीचं लग्न बघायचं या एका गोष्टीवर ती औषधं घेत होती. म्हणजे लग्न आमच्या गावात व्हायला हवं. आणि मुलाचे वडील म्हणत होते, लग्न आमच्याकडे, नाहीतर मी येणार नाही. गाडीनं यायचं तर दोन दिवस लागतात आणि त्यांच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. विमानाचं नाव काढलं की एकच उत्तर. "विमानात मी बसणार नाही. कारण विचारू नका."

मुलीचा तिकडूनच फोन आला. "बाबा, तुम्ही आणि आई या. समोरासमोर बोला त्यांच्याशी. ते एअरपोर्टवरच घ्यायला येणार आहेत. आणि मला एक वचन द्या."

"काय?"

"नियम काढायचे नाहीत. एकही नाही."

आता हे मला लागलं. मी सार्वजनिक पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक आहे. तलावाच्या दारावरचा फलक माझ्या हातचा आहे, आणि तो वाचून संपेपर्यंत थंडीच्या दिवसांत माणसाचा पोहण्याचा विचार बदलतो, असं लोक म्हणतात. म्हणोत. मुलीच्या मनात वेगळंच होतं. हा मुलगा पहिल्यांदा आमच्या गावात आला तेव्हा हौसेनं तलावावर आला होता आणि डोक्याला टोपी नाही म्हणून मी त्याला दारातून परत पाठवलं होतं. तो कोण, हे मला संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला बसल्यावर कळलं. मुलगी ते अजून विसरलेली नाही.

पण माझ्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. मी नियमांचा माणूस नाही, मी अपवादांचा माणूस आहे. 'कपडे घालून तलावात उतरू नये' हा नियम कुणीही लिहील. त्यापुढचे 'बुडणाऱ्यास वाचवण्याचा प्रसंग वगळून' हे शब्द माझे आहेत. ते लिहायला मला एक आठवडा लागला होता. हे मी मुलीला फोनवर सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "हेच बाबा. हेच नको." मी वचन दिलं.

आता दाढीकडे येतो. माझी दाढी सकाळी काढली की दुपारी परत येते. आमच्या गावाला विमानतळ नाही, त्यामुळे उजाडता बस, मग दुपारचं विमान, आणि उतरल्या उतरल्या दारात व्याही. तोपर्यंत माझा चेहरा फरार माणसासारखा होणार हे नक्की. बायको म्हणाली, "त्या तोंडानं जाणार व्याह्यांसमोर?" तेव्हा मला मेहुण्यानं दिलेलं दाढीचं मशीन आठवलं. ते खोक्यासकट कपाटात पडून होतं. मी म्हणालो, विमानातच करतो की दाढी.

"विमानतळावर मोरी असेलच की," बायको म्हणाली. "तिथे करा, विमानात चढायच्या आधी."

ही सूचना ऐकायला हवी होती. ती मी ऐकली नाही, कारण त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे कप्तान आमच्या घरात शिरले. कप्तान हे आम्ही दिलेलं नाव. जहाज, विमान, कबड्डीचा संघ, कशाचेही ते कधी कप्तान नव्हते. ते चार वेळा विमानात बसले आहेत आणि इमारतीत बाकी कुणी बसलेलं नाही, एवढंच.

"दाढीचं मशीन? विमानात?" कप्तान खुर्चीत टेकत म्हणाले. "अहो, तिथे साधा मोबाइल बंद करायला लावतात. तुम्ही घर्र केलंत की तिकडे पायलटचे काटे गरगर फिरायला लागतील."

"दाढीच्या मशीननं?"

"लोहचुंबक असतं त्यात. आपल्याला जायचं एकीकडे आणि विमान निघेल दुसरीकडे."

आई खिडकीतून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "विमान वळतंच असेल, तर त्या व्याह्याला आत बसव आणि इकडे वळव."

कप्तान नुसतं बोलून थांबणारे नव्हेत. ते मशीन, चार्जर आणि मी, असे तिघे त्यांच्या घरी गेलो. त्यांनी टीव्ही लावला आणि मला त्याच्यासमोर मशीन चालू धरून उभं केलं. चित्र हललं नाही. मग रेडिओ. रेडिओ खरखरला, पण तो एरवीही खरखरतो असं त्यांच्या सौ. म्हणाल्या. मग तळमजल्यावरचे कंपाउंडर आले आणि त्यांनी मशीन होकायंत्राजवळ धरून बघायला सांगितलं. होकायंत्र कुणाकडे नव्हतं. तरीही मशीन बराच वेळ चालूच होतं. शेवटी कप्तान म्हणाले, "प्रयोग अनिर्णित." मी मशीन घेऊन खाली आलो. चार्जर त्यांच्या भिंतीलाच राहिला. हे मला विमान हवेत असताना आठवलं.

माझा आता हट्टच झाला होता. मी विमान कंपनीला फोन लावला. मोबाइलसाठी एक दाबा, लॅपटॉपसाठी दोन दाबा, असं करत करत एक बाई आल्या.

"दाढीचं मशीन विमानात चालवता येईल का?" मी विचारलं.

"सर, ते टॅब्लेटमध्ये येतं का?"

"नाही. ते गालावर येतं."

त्यांनी मला दुसऱ्या विभागाकडे दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यानं अत्यंत गोड आवाजात पुन्हा त्याच बाईंकडे. "सर, तुमची तक्रार नोंदवली आहे," त्या म्हणाल्या. मी तक्रार केलीच नव्हती. तीच आता करावी असं वाटायला लागलं.

मग मी तलावाच्या कार्यालयात बसून मूळ नियमच शोधून काढला. सरळ होता. प्रवाशांनी बरोबर आणलेली विद्युत उपकरणे विमानात वापरू नयेत. आणि त्याखाली, माझ्या हातची असावी अशी ओळ. पुढील उपकरणे वगळून. श्रवणयंत्रे, हृदयाचे ठोके राखणारी यंत्रे, आवाज मुद्रित करणारी यंत्रे आणि दाढीची यंत्रे! पहिली तीन माझ्या उपयोगाची नव्हती, त्यामुळे माझी नजर सरळ चौथ्यावर गेली. कुणीतरी शहाण्या माणसानं विमानाचा एवढा मोठा विचार करताना माझ्या गालाचा विचार केला होता. खरं सांगतो, मला भरून आलं. मी कागद छापून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि मुलीला दिलेल्या वचनाबद्दल मनाची समजूत घातली, की तो व्याह्यांसमोर काढायचाच नाहीये, मग वचन मोडतंय कुठे?

निघताना आईनं जवळ बोलावलं. "त्यांना म्हणावं, मी फार काही मागत नाही. खुर्ची तिथवर न्यायला मला कुणी माणूस मिळेल. पण हॉल इथे पाहिजे." मी मान हलवली.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर माझी पिशवी आत गेली आणि बाहेर येताना एका वर्दीवाल्या माणसाच्या हातात आली.

"हे काय?"

"दाढीचं मशीन."

"चालू करून दाखवा."

मी चालू केलं. ते घरघरलं.

"घरघरतं, ते कळलं. दाढी करतं का?"

मागे रांग वाढत होती. मी उजव्या गालावर थोडी दाढी करून दाखवली. त्यानं जवळून पाहिलं आणि साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, पुन्हा दाखवा. मी गालाचा पुढचा तुकडा केला. साहेबांनी मशीन हातात घेतलं, स्वतःच्या हनुवटीखाली फिरवून पाहिलं आणि विचारलं, "आग होते का हो नंतर?" मी म्हटलं, मला अजून माहीत नाही. त्यांनी आणखी जरा फिरवलं. बायकोची नखांची कात्री मात्र त्यांनी काढून ठेवली. कात्री कापते, म्हणाले.

तर अशा रीतीनं मी विमानात बसलो तेव्हा माझ्या उजव्या गालावर रुपयाएवढा गुळगुळीत तुकडा होता आणि बाकी सगळं रान. मोरीत जाण्याची वेळ टळून गेली होती. बायको खिडकीशी, मी मधे, आणि पलीकडे वर्तमानपत्र वाचणारे एक लठ्ठ गृहस्थ. विमान वर चढलं, पट्टे सोडायची खूण झाली. तोवर मी गप्प बसलो होतो. नियमानं तोवरही करता आली असती, पण मी सभ्यपणा म्हणून थांबलो. मग मशीन काढलं आणि सुरू केलं.

घर्र आवाज झाला आणि हवाई सुंदरी धावतच आली. "सर, प्लीज, ते बंद करा."

"हे नियमात बसतं," मी म्हणालो आणि खिशातून कागद काढला.

बायकोनं डोळे मिटले. हवाई सुंदरीनं कागद वाचला, उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं. "सर, मी विचारून येते." ती वरिष्ठ बाईंना घेऊन आली. त्यांनीही वाचला.

"सर, मी इतकी वर्षं उडतेय. आजवर कुणी केलेली नाही."

"न करणं हा त्यांचा प्रश्न आहे. करता येते की नाही?"

त्या कागद घेऊन पुढे गेल्या आणि पायलटच्या खोलीचं दार त्यांच्यामागे बंद झालं. आता सगळं विमान आमच्याकडे बघत होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "काय झालंय?" आणि कुणीतरी सांगितलं, "त्या गृहस्थांना काहीतरी काढायचंय."

"अहो, पुरे करा," बायको दातांवर दात ठेवून म्हणाली. "मुलीचं लग्न जुळवायला निघालोय आपण."

"त्यासाठीच तर."

दार उघडलं. वरिष्ठ बाई आल्या, कागद परत दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पायलट म्हणतात, नियमाप्रमाणे परवानगी आहे."

जिंकलो. आणि जिंकल्यावर लक्षात आलं, की आता मला दाढी करावीच लागणार. खरं तर माझी इच्छा एव्हाना पार मेली होती. पण चार माणसं कामाला लावून, पायलटला विचारायला लावून, आता राहू दे असं कुठल्या तोंडानं म्हणणार? दोन्ही बाजूंच्या रांगा माना वळवून बसल्या होत्या. लठ्ठ गृहस्थांनी वर्तमानपत्र उघडून आमच्यामधे भिंत केली. बायकोनं खिडकीकडे असं तोंड फिरवलं, की बघणाऱ्याला वाटावं ही बाई एकटीच प्रवास करते आहे. मी दाढी सुरू केली.

उजवा गाल झाला. डावा झाला. हनुवटी झाली. बरं जमतंय असं वाटून मी ओठाच्या वरचा मिशीचा काठ सारखा करायला घेतला, आणि त्याच क्षणी विमान खड्ड्यात गेलं. हवेत खड्डा कसा असतो हे मला सांगता येणार नाही, पण तो होता. माझा हात वर गेला, मी खाली आलो, आणि मशीन जागच्या जागी आपलं काम करत राहिलं. सावरून बोट फिरवून पाहिलं तर डाव्या बाजूची मिशी नव्हती.

घाबरू नये, मी स्वतःला म्हटलं. उजवीही काढू, म्हणजे प्रश्न मिटला. माणूस मिशीशिवाय जगतो. मी मशीन उजव्या बाजूला टेकवलं. ते घर्र म्हणालं, मग घ म्हणालं, मग काहीच म्हणालं नाही. कप्तानांचा टीव्ही, कप्तानांचा रेडिओ, नसलेलं होकायंत्र आणि साहेबांची हनुवटी, सगळ्यांची एकदम आठवण झाली. चार्जर तर कप्तानांच्या भिंतीवर. मी हवाई सुंदरीला हळूच विचारलं, कात्री मिळेल का?

"सॉरी सर. कात्री विमानात चालत नाही. नियम आहे," ती म्हणाली. बोलताना तिनं एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईनं पडद्यामागे गेली. पडद्यामागून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

बायकोनं शेवटी माझ्याकडे तोंड फिरवलं. मला वाटलं चिडेल. तिनं पर्समधून मोठा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "दात दुखतोय म्हणून तोंडावर धरा. आणि एक शब्द बोलू नका. एरवी बोलून काय दिवे लावता ते माहितीये मला. जे बोलायचं ते मी बोलीन."

उतरल्यावर दारातच सगळे उभे होते. मुलगी, तिचा तो मुलगा, मुलाची आई आणि वडील. व्याही वजनमापं तपासणारे निरीक्षक होते, आता निवृत्त. उंच, ताठ, शर्टाच्या घड्या पट्टीनं आखल्यासारख्या, आणि डाव्या कानामागे छोटं यंत्र. नोकरीभर दुकानदारांचे तराजू त्यांना बघून आपोआप सरळ व्हायचे, असं मुलीनं सांगितलं होतं. त्यांनी हात जोडले. मी एका हातानं जोडले, कारण दुसऱ्यात रुमाल होता.

"बाबांना काय झालं?" मुलगी दचकून म्हणाली.

"दात," बायको म्हणाली.

आम्ही तिथल्याच कॉफीच्या दुकानात बसलो. विहीणबाई बोलक्या निघाल्या. प्रवास कसा झाला, मुलीला आवडतं ते आम्ही सगळं करतो, हॉलवाला आमच्या ओळखीचा आहे, असं त्या न थांबता बोलत होत्या. व्याही शांत बसून माझ्याकडे बघत होते. मी रुमालाआडून त्यांच्याकडे बघत होतो. बायकोनं हिय्या करून विषय काढला. सासूबाईंची तब्येत, डॉक्टरांचं म्हणणं, नातीवरचा जीव.

"मला कळतं," व्याही म्हणाले. "वाईटही वाटतं. पण विमानात मी बसणार नाही."

"काही त्रास होतो का?" बायकोनं विचारलं.

"कारण विचारू नका."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. वडील काहीतरी बोलतील म्हणून ती वाट बघत होती आणि मी तोंडाला रुमाल लावून बसलो होतो. व्याह्यांनीही माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही आल्यापासून माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. याला नीट ऐकू येत नाही, कोण घसा फोडणार, असं लोकांना वाटतं, ते मला माहीत आहे. सवय आहे मला. पण मुलांच्या लग्नाचं बोलायला इतक्या लांबून येऊन..." आणि ते उठले. कप अर्धाच प्यायलेला होता. मुलीचा चेहरा पडला आणि तो मुलगाही उभा राहिला. माझ्या डोळ्यांसमोर आईची खिडकीतली खुर्ची आली.

मी रुमाल काढला.

कॉफीच्या दुकानातले बाकीचे लोकही बघायला लागले असावेत. मी कुणाकडे पाहिलं नाही. व्याही उभ्याउभ्याच थिजले. त्यांनी आयुष्यभर दोन पारडी सारखी आहेत की नाहीत एवढंच पाहिलं होतं, आणि आता समोर हे.

"ऐकू येत नाही म्हणून नव्हे हो," मी म्हणालो. "मिशीमुळे."

"काय झालं मिशीला?"

मी मुलीकडे पाहिलं. कारण आता पुढचं सांगायचं तर वचन मोडावं लागणार होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हसू की रडू असे होत होते. "सांगा बाबा," ती म्हणाली. "नियम सांगा."

मग मी सगळं सांगितलं. बायकोची मोरीची सूचनाही सांगितली, कारण ती सांगितली नसती तर तिनंच सांगितली असती. व्याही हळूहळू खाली बसले. पायलटच्या परवानगीपाशी आलो तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "बघू तो कागद."

त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले, हिशेब तपासावा तसं. बोट अपवादांपाशी आलं आणि पहिल्याच शब्दावर थांबलं. तिथून ते पुढे दाढीपर्यंत गेलंच नाही.

"श्रवणयंत्रे," ते म्हणाले.

"हो. पहिलंच आहे."

"हे केव्हापासून आहे?"

"असेल पुष्कळ वर्षांपासून."

त्यांनी चष्मा काढला. मग विहीणबाईंकडे न बघता सांगायला लागले. फार वर्षांपूर्वी ते दोघं एकदाच विमानानं गेले होते. सगळी विद्युत उपकरणं बंद करा, अशी सूचना झाली. आता हा माणूस नियमाचा. त्यांनी कानातलं यंत्र काढलं, बंद केलं आणि खिशात ठेवलं. कुणी ठेवायला सांगितलं नाही आणि कुणी ठेवू नका असंही सांगितलं नाही. मग वाटेत विमान हादरायला लागलं. सगळे पट्टे बांधताहेत, हवाई सुंदरी पळतेय, शेजारी बायको काहीतरी सांगतेय, तिचे ओठ हलताना दिसताहेत आणि ऐकू काहीच येत नाही.

"मला वाटलं संपलं," ते म्हणाले. "मग मी हिचा हात धरला आणि जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं सांगून टाकलं. कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत. विम्याचे कागद कुठे आहेत. तिच्याशिवाय माझं कसं पान हलत नव्हतं, तेही. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसला की तो किती मोठा होतो, हे मला माहीत नव्हतं."

"शेवटच्या रांगेपर्यंत गेला," विहीणबाई म्हणाल्या. "आणि माझ्या माहेरच्यांबद्दल जे बोललात ते सांगा की. माझा भाऊ मागेच बसला होता."

"मी तर 'घाबरू नका, विमान उतरतंय' एवढंच सांगत होते हो यांना," त्या आम्हाला म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला होता आणि तो काढला नाही. "घरी आल्यावर नुसतं म्हणाले, विमान मला मानवत नाही. इतकी वर्षं मला वाटलं, पोटाचा काही त्रास असेल."

मुलगा वडिलांकडे बघत राहिला होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. व्याही पुन्हा कागदाकडे वळले. "म्हणजे मला काढायचं कारणच नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो.

"हे लेखी आहे?"

"तुमच्या हातात आहे."

त्यांनी कागदाची घडी केली, ती माझी होती तशीच नीट केली, आणि आपल्या खिशात ठेवली. राहिलेली कॉफी संपवली. मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना सांगा, तुमच्या गावातलाच हॉल बघायला सांगितलंय म्हणून." मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर माझ्या उरलेल्या मिशीवर बोट फिरवलं. "बाबा, एवढी तरी ठेवा," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडलो. मला त्याची लाज वाटत नाही. त्या तोंडाला आणखी लाज कशाची वाटणार होती?

लग्न आमच्या गावात झालं. आई चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत बसली होती आणि खुर्ची ढकलायचा मान कप्तानांनी कुणालाही घेऊ दिला नाही. फोटोत सगळे आहेत. मी बिनमिशीचा आहे, कारण वाढवायला घेतल्यावर डावी बाजू उजवीच्या बरोबर येईना आणि शेवटी बायकोनं न्हाव्याला घरी बोलावून प्रकरण निकालात काढलं. आईनं व्याह्यांचा हात धरला आणि नेहमीच्या तिच्या बारीक आवाजात म्हणाली, "आलात. फार बरं केलंत." व्याह्यांनी ते ऐकलं. त्यांनी खाली वाकून तिला नमस्कार केला आणि तिथेच तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. लग्न लागेपर्यंत ते दोघे तिथून हलले नाहीत.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला एका खांबाआड बोलावलं. खिशातून तोच कागद काढला. घड्यांवर तो आता फाटायला आला होता.

"विमानात इतका आवाज असतो?" त्यांनी हळूच विचारलं. "इंजिनाचा, पोरांचा, त्या सूचनांचा. आणि येताना ही तर बसल्यापासून उतरेपर्यंत बोलत होती. मागच्या वेळीही बोलतच असणार. तेव्हा मला कळलं नव्हतं."

"असतो खरा."

"परत जाताना हे यंत्र काढून खिशात ठेवलं, तर नियमात बसेल का? जरा बघून सांगा."

मी चष्मा लावला. कागद उजेडात धरून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, उलटा करूनही पाहिला. "वापरायला परवानगी आहे," मी म्हणालो. "वापरलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही."

"लेखी?"

"लेखी."

त्यांनी कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला. पलीकडे विहीणबाई माझ्या आईला काहीतरी सविस्तर सांगत होत्या आणि आई मान डोलावत होती. व्याह्यांनी तिकडे एकदा पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे आपल्या दोघांतच राहू द्या," ते म्हणाले.